अकादमीच्या कागदावर सही करण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या घरी एक विषय हमखास निघतो. एखाद्या नामांकित अकादमीच्या निवड चाचणीत मुलाचे किंवा मुलीचे नाव आलेले असते, नातेवाइकांना पेढे देऊन झालेले असतात, आणि मग शुल्क, सरावाच्या वेळा व नियम यांची यादी असलेला कागद सहीसाठी समोर येतो. त्या कागदात पालकांनी काय द्यायचे हे सविस्तर लिहिलेले असते. अकादमी काय देणार, हे मात्र बहुधा दोन-तीन ओळींत आटोपलेले असते. आजचे माझे बोलणे या दुसऱ्या बाजूविषयी आहे.

मुळात सर्व अकादमी एका जातीच्या नाहीत. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून निवडक मुलांना निवासी प्रशिक्षण देत आली आहे, आणि नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशनची अकादमी २०१५ पासून शिष्यवृत्तीवर मुले घडवते आहे. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. तेथे संस्था मुलावर खर्च करते, म्हणून ती पारखूनच घेते. याउलट जेथे मासिक शुल्क पालक भरतात, तेथे ‘निवड झाली’ या शब्दांचे वजन थोडे कमी धरावे, कारण जागा भरणे ही त्या संस्थेचीही गरज असते. अशी संस्था वाईटच असते असे नाही. पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघ अकादमींची तपासणी करून त्यांना श्रेणी देतो, ती श्रेणी कोणती, आणि महासंघाच्या युवा लीगमध्ये या संस्थेचे संघ खरोखर उतरतात का, एवढे तरी विचारून घ्यावे. संघ उतरत असतील तर आपल्या मुलाला प्रत्यक्ष किती मिनिटे मैदान मिळेल, हेही विचारावे. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून कोणी फुटबॉल शिकत नाही.

वेळेचा हिशेब कागदावर दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. कामठीहून किंवा हिंगण्याहून आठवड्यात चार-पाच वेळा मानकापूरच्या बाजूला येणे-जाणे म्हणजे मुलाच्याच नव्हे, आईवडिलांच्याही संध्याकाळी जाणे, आणि धाकट्या भावंडाचे सगळे रविवार दादाच्या सामन्यांना वाहणे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. त्या दिवसांत सराव पहाटे होतो की दुपारी चारला, या एका प्रश्नावरून प्रशिक्षकाची जाण कळते.

शरीराच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलांना खेळातून आठवड्याला एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या विशिष्ट खेळापासून सुट्टी देण्याची शिफारस केली आहे. बारा महिने अखंड सराव हे ज्या माहितीपत्रकात भूषण म्हणून छापलेले असते, ते या शिफारशीशेजारी ठेवून वाचावे. दहा ते पंधरा या वयात उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखू लागणे हा धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांचा नेहमीचा त्रास आहे. त्यावर ‘सहन कर’ असे उत्तर देणाऱ्या प्रशिक्षकाकडे मूल सोपवू नये.

वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो, त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल त्याच गटातील डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठे असते. तेराव्या वर्षी हे अंतर उंचीत आणि ताकदीत उघड दिसते, आणि चाचणीत निवडकर्त्यांची नजर बहुधा धिप्पाड मुलाकडे जाते. म्हणून नकार आला तरी तो मुलाच्या कौशल्यावरचा अंतिम निकाल समजू नये, आणि होकार आला तरी हुरळून जाऊ नये.

परदेशी क्लबचे आमिष दाखवणाऱ्यांबद्दल एवढेच सांगतो, की अठरा वर्षांखालील खेळाडूचे एका देशातून दुसऱ्या देशात हस्तांतर करण्यास ‘फिफा’च्या नियमांनी, काही मोजके अपवाद वगळता, मनाई आहे. चौदा वर्षांच्या मुलाला युरोपात खेळवण्याचे वचन कोणी देत असेल, तर आपण कोणत्या अपवादात बसतो, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.

आता सर्वांत नाजूक बाब. प्रत्येक मोठ्या अकादमीत दरवर्षी काही मुले गाळली जातात. इंग्लंडच्या श्रीमंत क्लबांतही हेच होते. मूल गाळायचे ठरल्यास किती आधी कळवणार, उरलेले शुल्क परत मिळणार का, दुसऱ्या क्लबकडे नोंदणी करण्यासाठी मोकळीक किती दिवसांत देणार, आणि शाळेच्या संघाकडून खेळण्यास मनाई आहे का, या अटी सहीपूर्वीच स्पष्ट करून घ्याव्यात. निवासी अकादमी असेल तर दहावीची परीक्षा कोणत्या मंडळाची, अभ्यासाला शिक्षक कोण आणि वसतिगृहात रात्री जबाबदार माणूस कोण, हे तेथे जाऊन पाहावे.

याच नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल खेळवणाऱ्या ‘स्लम सॉकर’ या संस्थेचे काम उभे केले, ते मुलांना गाळण्यासाठी नव्हे, मैदानाकडे ओढण्यासाठी. तेव्हा अकादमी नाकारली म्हणजे मुलाचा फुटबॉल संपला, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. शक्य झाल्यास सही करण्याआधी त्या अकादमीतून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाच्या पालकांना गाठावे आणि त्यांचे मूल आज कोठे खेळते, हे विचारावे. अशा पालकांची गाठ घालून देण्यास अकादमी तयार नसेल, तर सही महिनाभर लांबवण्यास हरकत नाही. नमस्कार.