पोट फुगलं की आधी आठवा

नमस्कार मंडळी. आज पोटाबद्दल बोलायचंय, म्हणजे फुगलेल्या पोटाबद्दल. एखाद दिवस जेवण जास्त झालं आणि तडस लागली ते वेगळं, ते सकाळपर्यंत उतरतं. मी म्हणतोय ते आमच्यासारख्या आयबीएसवाल्यांचं (म्हणजे ज्यांचं आतडं कायम चिडचिडं, पोट सारखं बिघडतं), सकाळी पोट सपाट आणि संध्याकाळी पॅन्टचं हूक लागत नाही.

तर झालं काय, भाचीचं लग्न सांगलीला. मुलीचा मामा मी, म्हणजे भटजींनी हाक मारली की मुलीला मांडवात घेऊन जायचं काम माझं. आणि आदल्या रात्री कांदाभजी, त्यावर छोले, त्यावर दोन वाट्या बासुंदी. सकाळी उठलो तर पोट असं टम्म की टिचकी मारली तर ढोल वाजावा. मुहूर्त १२:३५ चा, मी ११ वाजता खोलीत पालथा पडलेलो. बायकोने आत्याला बोलावलं. आत्या ७९ वर्षांची, तिने आल्या आल्या फर्मान सोडलं, "झब्बा वर कर." आणि कोमट पाण्यात कालवलेला हिंग बेंबीभोवती फासला, तान्ह्या बाळाला लावतात ना, अगदी तस्साच. मग चिमूटभर ओवा नि काळं मीठ चावायला लावलं, वर गरम पाणी, आणि कार्यालयाभोवती फेऱ्या. ती खुर्चीत बसून मोजतेय! बाराव्या फेरीला जरा वारा सरला आणि तिने विचारलं, "काल काय काय गिळलंस?" मी यादी सांगितली. म्हणाली, "अरे, मग हिंग बिचारा काय काय सावरणार?"

मांडवात भटजी दोनदा मागे वळून बघत होते, आमटीची फोडणी एवढ्या जवळ कुठे पडली म्हणून. (हल्ली लग्नात मठ्ठा जाऊन कोल्ड्रिंक आलंय ना, ते मला अजिबात पटत नाही, फुगलेल्या पोटात आणखी गॅस कशाला ओतायचा, पण ते असो.)

तर आत्याचं म्हणणं लक्षात ठेवा, पोट फुगलं की आधी आठवा काय खाल्लं, मग ओवा. कांदा, लसूण, गहू यातलं फ्रुक्टन, म्हणजे एक प्रकारचं पिष्टमय कर्ब, लहान आतड्यात पचत नाही, ते मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जंतू ते आंबवतात आणि गॅस होतो. सगळ्यांनाच होतो, पण आयबीएसमध्ये आतडं हळवं असतं, तेवढ्याच गॅसने आपण कळवळतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने अशा पदार्थांच्या याद्याच केल्यात, त्यातल्या या न पचता आंबणाऱ्या कर्बांना फॉडमॅप म्हणतात. आता गंमत बघा, फ्रुक्टन पाण्यात उतरतं पण तेलात उतरत नाही. म्हणून आमटीतला कांदा वेचून बाजूला काढून उपयोग नाही, पण लसणाच्या अख्ख्या पाकळ्या नुसत्या तेलात परतून काढून टाका, वास राहतो, त्रास जातो. छोले, राजमा रात्रभर भिजवून ते पाणी फेकाच. दुधाने फुगत असाल तर बासुंदीला लांबूनच नमस्कार.

इसबगोल थोड्यापासून सुरू करा, एकदम दोन चमचे घेतलंत तर उलट फुगाल. पुदिना चांगला, पण छातीत जळजळ होत असेल तर नको. आणि डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, तेव्हा सिलिॲकवाल्यांनी (ज्यांना गव्हातलं ग्लूटेन चालत नाही) डबी वाचून घ्या.

परत सांगतो, आधी आठवा, मग ओवा. आठवत नसेल तर दोन आठवडे वहीत लिहा, काय खाल्लं, किती वाजता फुगलं.

पण वजन आपोआप उतरतंय, शौचाला रक्त पडतंय, दुखण्याने रात्री जाग येतेय, किंवा पन्नाशीनंतर हे नव्यानेच सुरू झालंय, बायकांचं पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलंच राहतंय, तर ओवा ठेवा डब्यात आणि आधी डॉक्टरकडे जा, आत्याला नंतर कळवलं तरी चालेल. नमस्कार.