संगणक तक्रार करत नाही तेव्हा

(दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून देणाऱ्या स्वयंसेवकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तुमच्यातले बरेच जण रात्री रहदारी थांबली की ऑडॅसिटी हे आवाज नोंदवायचं सॉफ्टवेअर उघडून वाचायला बसतात. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि त्याचे प्राध्यापक रॉजर डॅननबर्ग यांनी हे सॉफ्टवेअर सुरू केलं आणि २००० साली ते सगळ्यांना मोफत खुलं झालं. आजही ते फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं. मग अडतं कुठे?

रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबल्यावर एक खिडकी उघडते. रेकॉर्डिंग डिव्हाइस उघडता येत नाही, असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि शेजारी उणे नऊ हजारांतला एक आकडा. लोक आकडा न वाचताच खिडकी बंद करतात, सॉफ्टवेअर काढून टाकतात आणि परत बसवतात. एक तास जातो, खिडकी पुन्हा हजर! माझं म्हणणं, आधी तो आकडा वाचा. ऑडॅसिटी थेट माइकशी बोलत नाही. मध्ये पोर्टऑडिओ नावाचा मध्यस्थ आहे, तो विंडोजशी किंवा मॅकशी बोलतो. आकडा त्या मध्यस्थाचा असतो. -९९९६ म्हणजे तुम्ही सांगितलेलं उपकरण त्याला सापडत नाही. बहुतेकदा सॉफ्टवेअर उघडल्यानंतर माइक जोडलेला असतो. ऑडॅसिटी उपकरणांची यादी सुरू होताना एकदाच करते. ट्रान्सपोर्ट मेन्यूतून उपकरणं पुन्हा शोधायला सांगा. -९९९७ म्हणजे सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, जुळत नाही. -९९९८ म्हणजे माइक एका चॅनेलचा आहे आणि तुम्ही स्टिरिओ, म्हणजे दोन चॅनेल, मागताय. -९९९९ म्हणजे विंडोजने नकार दिला, पण कारण मध्यस्थालाही नीट कळलं नाही. अशा वेळी मी आधी प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जातो. विंडोज १० आणि ११ मध्ये डेस्कटॉप अ‍ॅप्सना माइक वापरू द्यायचा की नाही, याचं वेगळं बटण आहे. ते बंद असेल तर बाकी काहीही करा, उपयोग नाही. मॅकवर २०१८च्या मोहावी आवृत्तीपासून अशी परवानगी लागते. तिथे गंमत अशी, की परवानगी नसताना रेकॉर्डिंग चालू झाल्यासारखं दिसतं आणि पडद्यावर सरळ रेघ उमटत राहते.

आणि मला खरं बोलायचंय ते इथूनच पुढे. खिडकी उघडून ओरडणारा बिघाड परवडला. जो काहीच बोलत नाही, तो अख्खं प्रकरण वाया घालवतो.

सॅम्पल रेट घ्या. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने, व्हिडिओसाठी ४८,०००. हा ४४,१०० विचित्र वाटतो ना? सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. दर ओळीत ३ नमुने, २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड, म्हणजे अर्धी-अर्धी चित्रं. किंवा युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० फील्ड. दोन्ही गुणाकार करून बघा, उत्तर एकच येतं. तर होतं असं: तुम्ही ४८,०००वर वाचलेलं असतं आणि वाचन घेणारी संस्था ४४,१०० मागते. तुम्ही ट्रॅकच्या मेन्यूत जाऊन ‘रेट’ बदलता. त्याने नमुने तेच राहतात, फक्त हळू वाजतात. एका तासाचं वाचन ६५ मिनिटं १८ सेकंदांचं होतं. आवाजही साधारण पेटीच्या दीड पट्टीइतका उतरतो. काळी दोनमधला गायक काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी अडकतो. गाण्यात हे लगेच कळतं. वाचनात ऐकणाऱ्याला वाटतं, आज बाईंचा घसा बसलाय. ट्रॅक्स मेन्यूतलं ‘रीसॅम्पल’ वापरा. त्यात नमुने नव्याने मोजले जातात.

दुसरा मुका बिघाड ब्लूटूथचा. महागडा हेडफोन गाणी झकास वाजवतो, म्हणून त्याच्याच माइकवर वाचायला जातात. माइक चालू होताच बरेच हेडफोन फोनवर बोलण्याच्या पद्धतीत शिरतात. नमुने ८,००० किंवा १६,०००वर येतात. नोंदता येणारी कंप्रता नमुन्यांच्या निम्मी असते, त्यामुळे ८,०००वर ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गळतं. ‘स’ची सगळी धार तिथेच असते. मग ‘सण’ आणि ‘फण’ यात फरक करायला ऐकणाऱ्याला संदर्भ शोधावा लागतो. वायरचा माइक घ्या, साधा का असेना.

तिसरी गोष्ट लेव्हल. ऑडॅसिटी ३२-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे खूप मोठ्या आवाजालाही जागा असलेल्या पद्धतीत नोंदते, मग आवाज फाटणार कसा, असं विचारणारे भेटतात. फाटतो तो त्याच्या आधी, माइकमागच्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करणाऱ्या भागात! तिथे लाटेचं टोक कापलं गेलं की पुढचं भांडं कितीही मोठं असलं तरी काय? गेन, म्हणजे माइकची पातळी, अशी ठेवा, की मोठ्याने वाचलेलं वाक्यही मीटरवर उणे ६ डेसिबलच्या खालीच राहील.

घूं असा आवाज येत असेल तर चार्जर काढून बघा. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण असते ती. आणि चालू वाचनात मध्येच अर्धं अक्षर गायब असेल, तर डिस्कला लिहायला वेळ मिळाला नाही. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवून रेकॉर्ड करू नका. अशा तुटी, म्हणजे ड्रॉपआउट, शोधण्याची सोय प्रेफरन्सेसमध्ये चालू ठेवा. तुटलेल्या जागी लेबल पडतं, तेवढंच वाक्य परत वाचायचं.

शेवटी पाठवण्याबद्दल, कारण मघाशी कुणीतरी विचारलं की फाइल पोचते, आवाज का पोचत नाही. ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्यांत प्रोजेक्टची फाइल वेगळी आणि आवाजाचे शेकडो छोटे तुकडे शेजारच्या फोल्डरमध्ये असत. लोक नुसती फाइल मेल करत. मार्च २०२१च्या ३.० आवृत्तीपासून सगळं एका एयूपी३ फाइलमध्ये, म्हणजे एका डेटाबेसमध्ये असतं. तरी एक खोच उरलीच आहे. प्रोजेक्ट उघडा असताना ताजे बदल शेजारच्या एका तात्पुरत्या फाइलमध्ये असू शकतात. तेव्हा नुसत्या एयूपी३ फाइलची प्रत काढलीत तर शेवटची पानं मागे राहतील. आधी प्रोजेक्ट बंद करा, मग प्रत काढा. आणि संस्थेला प्रोजेक्ट पाठवूच नका, वेव्ह फाइल एक्सपोर्ट करून पाठवा. नावात पुस्तक आणि प्रकरणाचा क्रमांक घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं आली की आमच्याकडे कोणतं प्रकरण कुठलं हे ऐकूनच ठरवावं लागतं.