चौदा फुटी की अठरा फुटी?

मंडळी, घरच्यासाठी बोट घ्यायची म्हटलं की आपल्या नागपुरातली माणसं याच एका प्रश्नावर अडतात. घरात चौघं. पण रविवारी रामटेकच्या खिंडसी तलावाला निघालं की आजी, आत्या, चुलतभावंडं सगळी येतात. मग मन मोठीकडे ओढतं.

चार फूट म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण बोट लांबीबरोबर रुंदीनं आणि उंचीनंही वाढते. चौदा फुटी ॲल्युमिनियमची रिकामी बोट शंभर-सव्वाशे किलोची. दोघं-तिघं मिळून ती पाण्यात सरकवतात. अठरा फुटी फायबरची, इंजिन आणि ट्रेलर धरून, टनाच्या घरात जाते. तिला ओढायला दणकट गाडी हवी, उतरवायला पक्का उतार हवा. आणि आपल्याकडे मे महिन्यात धरणाचं पाणी आटलं की काठाला उरतो तो गाळ. त्यात ट्रेलरची चाकं रुतली, की सकाळ गेलीच म्हणून समजा.

मोठीचा एक गुण मात्र मी मनापासून मानतो: ती कमी कलते. कलणाऱ्या बोटीला सावरणारा पाण्याचा आधार लांबीच्या पटीत वाढतो, पण रुंदीच्या घनाच्या पटीत. पाच फुटांची रुंदी सात झाली, तर तेवढ्यानंच तो पावणेतीन पट होतो. गुडघे दुखणारी आजी चढताना एका बाजूला भार टाकते, तेव्हा हा फरक पायाला कळतो.

आता माणसं किती? अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा वीस फुटांखालच्या बोटींसाठी सोपा हिशेब आहे: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा. चौदा बाय पाचची बोट चौघांची. अठरा बाय सातची आठांची. तेही पाणी शांत असताना. २०१७ च्या जुलैत आपल्या वेणा जलाशयात नाव उलटली आणि तरुण पोरं गेली. ती बातमी मी विसरू शकत नाही. म्हणून चौघांच्या बोटीत पाचवं लेकरू मांडीवर घेऊन बसू नका आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला चढू देऊ नका.

पेट्रोलचं थोडक्यात सांगतो. मोठीचं चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण वेगात तासाला पंधरा लिटरच्या आसपास पितं, लहानीचं पंधरा हॉर्सपॉवरचं पाच-सहा. बोटीचे पैसे भरण्याआधी ज्या जलाशयात ती उतरवायची, तिथल्या परवानगीची चौकशी करा. तोतलाडोह तर पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो.

माझं मत विचाराल, तर चौदा फुटी घ्या. ती वर्षात वीसदा पाण्यात जाईल, मोठी चारदा. माणसं जास्त असतील तर फेऱ्या करा. आजीची फेरी पहिली, सकाळी सातला, वारा सुटायच्या आत.