मका समुद्रापार गेला, चुना मागे राहिला

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर १४९२मध्ये कोलंबसाच्या माणसांनी क्युबात मका पाहिला आणि थोड्याच काळात त्याचं बी स्पेनला पोचलं. सुका दाणा जहाजावर महिनोन्‌महिने टिकतो, पेरला की साधारण चार महिन्यांत कणसं हाती येतात. उत्तर इटलीत आणि स्पेनच्या अस्तुरियास भागात गहू जमीनमालकाच्या कोठारात जायचा, कुळाच्या ताटात मका यायचा. तिन्ही त्रिकाळ मकाच.

१७३५मध्ये अस्तुरियासमधल्या गास्पार कासाल या वैद्याने अशाच गरीब शेतकऱ्यांमधला एक रोग टिपून ठेवला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, मानेभोवती पट्टा उठतो. पुढे जुलाब, भ्रम, मृत्यू. हाच पेलाग्रा. कोणी सडक्या मक्याला दोष दिला, कोणी संसर्गाला. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५मध्ये दाखवलं की दोष आहाराचा आहे. नेमकं कमी पडणारं द्रव्य, नायसिन, १९३७मध्ये समजलं.

मग मेक्सिकोत हजारो वर्षं मका खाणारे कसे तगले? तिथल्या बाया मका चुन्याच्या पाण्यात शिजवूनच वाटतात. दाण्यात नायसिन असतं, पण जखडलेलं. चुना ते मोकळं करतो. सोबत घेवड्याचे दाणेही असतात, ते विसरू नये. युरोपने बी उचललं, त्या बायांना कोणी काही विचारलं नाही. त्याची किंमत गरिबांनी मोजली, याचं वाईट वाटतं.

ती रीत अशी. १ किलो सुका मका, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खाण्याचा विझवलेला कोरडा चुना. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं शिजवा आणि रात्रभर त्याच पाण्यात झाकून ठेवा. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भांडं चुना खातो, ते नको. कळीचा चुना तर मुळीच नको. पाणी लागताच तो उकळून उडतो आणि भाजतो. सकाळी दाणे चोळून २-३ पाण्यांत धुवा, साल निघून जाते. साल निघत नसेल तर चुना कमी पडला किंवा जुना होता. हवेवर राहिलेल्या चुन्याचा खडू होतो, त्याचा काही उपयोग नाही. दाणा मधोमध किंचित कच्चा राहिला पाहिजे. फार शिजला तर वाटण चिकट होतं आणि भाकरी तव्याला धरते. पाट्यावर वाटलेलं हे ओलं पीठ उन्हाळ्यात लवकर आंबतं, म्हणून त्याच दिवशी थापा.