करवतीच्या रुंदीएवढी पट्टी

(दृश्य: सागवानी तुळईचा तुकडा. कडेला गंजलेला खिळा.)

पेठेतला वाडा उतरवला की चांगल्या तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत जातात, उरलेले तुकडे बंबात. लाकडी पेन बनवायला लागते ती असल्याच एखाद्या तुकड्याची कांडी: १९ मिलिमीटर चौरस, सव्वाशे लांब. नवा साग पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये मिळतोच. पण इतके उन्हाळे-पावसाळे काढलेलं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, कातल्यावर तडकायची भीती कमी. आधी लोहचुंबक फिरवायचा. मोडका खिळा आत राहिला असेल तर करवतीचे दात गेलेच.

(दृश्य: ४५ अंशांचा ठोकळा, त्यावर कांडी. करवत.)

लेथ अजून लांब आहे. पेनावरची नक्षी, म्हणजे एकमेकांत अडकलेली चार कडी, लेथवर होतच नाही. ती इथे होते.

कांडीला तिरका काप घ्यायचा, पण आरपार नाही. खाली दोन मिलिमीटर लाकूड राखायचं. तेवढ्यावर दोन्ही बाजू एका रेषेत राहतात. पुढे कातताना ते निघूनच जातं. कापात शिसवाची पट्टी बसते. करवतीने दीड मिलिमीटर खाल्लं असेल तर पट्टीही दीडच. जाड पट्टी ठोकून बसवली तर काप फाकतो, कांडी वाकते. बारीक पडली तर फटीतला अराल्डाइट रेघ होऊन दिसतो. वर्नियरने मोजा, नजरेवर जाऊ नका. १९ चा कर्ण २७ च्या आसपास येतो, म्हणून पट्टी ३० लांब, २२ रुंद.

सागाला तेल असतं, शिसवालाही. चिकटवण्याच्या अगदी आधी दोन्ही ॲसिटोनने पुसली नाहीत तर जोड धरत नाही. मग रात्रभर शिकंज्यात. सकाळी बाहेर आलेली पट्टी कांडीशी सपाट करायची, कांडी पाव फेरा फिरवायची आणि त्याच जागी पुढचा काप. असे चार काप, म्हणजे चार रात्री. नवशिके घाई करतात ती इथेच: पट्टीचं टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं, कांडी ठोकळ्यावर नीट टेकत नाही, पुढचं कडं सरकतं. कांडी मुळात काटकोनात नसेल तरी तेच.

(दृश्य: ड्रिल. भुशाचा ढीग.)

पाचव्या दिवशी कांडीचे दोन भाग आणि ७ मिलिमीटरचं भोक. दर सेंटिमीटरला बिट बाहेर काढून भुसा झाडायचा, कारण तापलं की जोड सुटतो. बिट पलीकडे निघताना लाकूड फोडतं. म्हणून भाग पाच-सहा मिलिमीटर जास्त लांब ठेवायचा, भोक आरपार न नेता टोकच कापून टाकायचं. पितळेची नळी १५० नंबरच्या काचपेपरने खरवडायची, आत अराल्डाइट शिरू नये म्हणून तोंड बटाट्याच्या चकतीने बंद करायचं आणि गोल फिरवत आत सरकवायची. (हो, बटाटाच. नंतर सळईने ढकलला की निघतो.) दोन्ही टोकं तासताना पितळ चमकलं की थांबायचं. नळी आखूड झाली तर रिफिल पूर्ण आत जात नाही.

(दृश्य: लेथ सुरू.)

मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे. सळईवर ओवलेले भाग धरणारा नट बोटांनीच आवळायचा. पान्याने आवळला तर मधली सळई वाकते आणि पेन एका अंगाला जातं. गोल पटाशी आधी कोपरे काढते.

(निवेदन थांबतं. चौकोन गोल होतो, कडी दिसू लागतात. २५ सेकंद फक्त लेथचा आवाज.)

बुशपेक्षा, म्हणजे भागांच्या टोकांना बसवलेल्या मापाच्या धातूच्या चकतीपेक्षा, केसभर वर असतानाच पटाशी बाजूला. मग काचपेपर, २४० पासून ६०० पर्यंत. शिसवाची काळी भुकटी सागाच्या रंध्रांत भरते. आधी पातळ लाखेचा एक हात द्यायचा, आणि फडक्याने न पुसता हवेने झाडायचं. प्रत्येक नंबरानंतर लेथ बंद करून उभं घासायचं, नाहीतर आडवे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. ही भुकटी छातीला वाईट. मास्क लावा.

(दृश्य: जुळणी.)

रिफिल आत-बाहेर करणारी फिरकी यंत्रणा नळीत थोडी थोडी दाबायची, दर वेळी रिफिल घालून बघायचं. जास्त आत गेली तर टोक कायम बाहेर राहतं आणि यंत्रणा सहजी परत निघत नाही.

(शेवटचं दृश्य: तुळईचा उरलेला तुकडा. त्यावर पेन्सिलने सव्वाशे-सव्वाशेच्या खुणा.)