सनद हातात आली, पुढची पाच वर्षं

नमस्कार श्रोतेहो.

यंदा ज्यांनी पहिला काळा कोट शिवून घेतला, त्यांच्यासाठी आज बोलणार आहे. आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात सव्वीस वर्षं दिवाणी कामं चालवते. 'अजून काही मिळत नाही का गं?' हा प्रश्न मला वडिलांनी पहिल्याच वर्षी जेवताना विचारला होता. घास गिळवेना.

म्हणून पैशांचं आधी. सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, फी सर्वसाधारण गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ ला ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियानं, म्हणजे वकिलांचे नियम ठरवणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेनं, ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, अशी शिफारस केली. पण ती शिफारसच आहे, सक्ती नाही. तालुक्याला कितीतरी ज्युनिअर आजही बसभाड्यावर राबतात. हे चूक आहे, असं मी सीनिअर म्हणून स्पष्ट सांगते. नकला काढायला, मुदत अर्ज घेऊन उभं राहायला, पक्षकाराचा फोन घ्यायला ज्युनिअर लागतो, तर त्याला ठरल्या तारखेला पैसे दिलेच पाहिजेत. त्याशिवाय गरीब घरातली हुशार मुलं दोन वर्षांत ही वाट सोडतात. मी सोडताना पाहिली आहेत.

आता तारखेच्या डायरीचं सांगते. माझं दुसरं वर्ष. पुकाऱ्याच्या गडबडीत पुढची तारीख कानावर पडली, ती मी सतरा लिहिली. कोर्टानं दिली होती अकरा. रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद, मी उघडून बघितलाच नाही. अकराला पुकारा झाला, आमच्या बाजूनं कुणी नाही, दावा गैरहजेरीत काढून टाकला. वादी एक म्हातारे शेतकरी होते, बांधाच्या वादासाठी वर्षानुवर्षं एसटीनं येणारे. मला वाटलं, गुपचूप अर्ज करावा आणि दावा पुन्हा नंबरावर आणावा, म्हणजे परत चालू करून घ्यावा. त्याला तीस दिवसांची मुदत असते. सीनिअर म्हणाले, "आधी आजोबांना सांग, मग अर्ज लिही." मी त्यांच्या गावी गेले. ओट्यावर बसून चूक सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, पुढच्या तारखेला मी येऊ का?" दावा परत नंबरावर आला, कोर्टानं घातलेला खर्च मी भरला. आता तारीख मोबाईलवर ई-कोर्ट्समध्ये दिसते. तरी कोर्टातून निघण्याआधी मी रोजनामा बघते, आणि माझ्या ज्युनिअरना बघायला लावते.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. एक गृहस्थ आले. आई-वडील वारलेले, वडिलोपार्जित पाच एकर, दोन भाऊ, तीन बहिणी. म्हणाले, "बहिणींची लग्नं थाटात करून दिली. त्यांची नावं सातबाऱ्यावरून काढायची, दावा टाका." मी समोर कागद घेऊन समजावलं. महाराष्ट्रात वारसा कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राच्या दुरुस्तीनं ९ सप्टेंबर २००५ पासून ती अट गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं येतो, वडील २००५ साली हयात नसले तरीही. म्हणजे पाच वाटे, प्रत्येकी एक एकर. बहिणी आपखुशीनं हक्कसोड पत्र देत असतील तर ती गोष्ट वेगळी. तुम्ही म्हणता तसा दावा हरेल. ते उठले आणि दुसरीकडे गेले. त्या महिन्यात मला ऑफिसचं भाडं उसनं घ्यावं लागलं होतं.

वर्षभरानं त्यांचीच धाकटी बहीण आली. तिचं काम मला फार घ्यावंसं वाटलं. पण भावाला मी सल्ला देऊन बसले होते, आणि त्याच वादात विरुद्ध बाजूचं वकीलपत्र घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. मिळकतीच्या वादात बायकांना कोर्ट फी माफ आहे, एवढीही माहिती तिला नव्हती. ते चांगल्या वकिलाकडून नीट समजून घे, एवढंच सांगून तिला परत पाठवलं. त्या घरातून मला रुपया मिळाला नाही. पण त्या गावातून आजही माणसं येतात आणि बसण्याआधीच म्हणतात, "वकीलबाई, खरं काय ते सांगा."

फीबद्दल थोडक्यात: फी वेगळी, कोर्ट फी, भत्ता, नकलांचा खर्च वेगळा, प्रत्येक पैशाची पावती द्या. निकालावर टक्केवारी ठरवू नका, नियमानं ती चालत नाही.

आता कामाची वाटही जवळ आली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांच्या अपिलांसाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडण्याची गरज उरली नाही. तालुक्यात पाया घातलेल्या मुलामुलींना तिथं उभं राहता येईल. ज्यांना न्यायाधीश व्हायचंय, त्यांनाही आता आधी तीन वर्षांची वकिली लागते. मे २०२५ चा निकाल आहे. ती वर्षं अर्ज भरत काढू नका, साक्षीपुरावे ऐकत काढा. उलटतपास कोर्टात बसूनच शिकता येतो.

आणि घरच्यांना एक विनंती. पाच वर्षं तो पैशांचा प्रश्न ताटावर काढू नका. माझी आई विचारायची, "आज बोर्डावर काय होतं?" बोर्ड म्हणजे कोर्टातल्या त्या दिवशीच्या कामांची यादी. मग मी जेवता जेवता सगळं सांगायचे, आणि सांगताना माझं मलाच कळायचं, उद्या काय वाचायचं ते.

नमस्कार.