तो प्राणी कशानं मरतोय?

(दृश्य: मोकळं माळरान. वाळलेल्या झाडावर बसलेली गिधाडं.)

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्यायची, तर संस्था निवडायची कशी? सुरुवात एका गिधाडापासून करू या. मेलेलं गिधाड टेबलावर आडवं ठेवलेलं आहे. पोट उघडलं, तर यकृत, हृदय, मूत्रपिंड, सगळ्यांवर चुना फासल्यासारखा पांढरा थर. हा थर युरिक आम्लाचा. मूत्रपिंडं बंद पडली, आम्ल शरीराबाहेर जाईना आणि ते असं अवयवांवर साचत गेलं. पाकिस्तानात संशोधकांनी अशी शेकडो गिधाडं तपासली. साथीच्या रोगाचा संशय होता, पण तसा जंतू काही सापडेना. २००४ मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं: डायक्लोफेनॅक. गुरांना दुखण्यावर टोचतात ते साधं वेदनाशामक. औषध टोचलेलं जनावर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं आणि काही दिवसांत गिधाडंच मेली. भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात हजारात एक उरली.

आता कल्पना करा, त्या वर्षांत एखाद्याला गिधाडांसाठी पैसे द्यायचे होते. जखमी गिधाडावर उपचार करणाऱ्याला तो देऊ शकला असता. काम चांगलंच होतं, पण बरं होऊन उडालेलं गिधाड पुढच्या मेलेल्या गुरावर उतरणार आणि तिथंच संपणार. गिधाडांना खरा आधार मिळाला तो दुसरीकडून. कुणीतरी मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना बाधत नाही, हे तपासून दाखवलं. कुणीतरी सरकारांकडे पाठपुरावा केला. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानांत होत्याच आणि त्या गुरांना टोचल्या जात होत्या. सर्वेक्षण करणारी माणसं साधं गिऱ्हाईक बनून औषधांच्या दुकानांत जात, गुराला दुखतंय म्हणून काहीतरी द्या म्हणत आणि पुढ्यात काय येतं ते लिहून ठेवत. त्या पुराव्यांच्या बळावर २०१५ मध्ये भारतात माणसांसाठीची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित झाली.

औषधाच्या कुपीच्या आकारासाठी देणगी मागायची, तर जाहिरातीत फोटो कशाचा लावणार?

म्हणूनच संस्था निवडताना पहिला प्रश्न कुठला प्राणी आवडतो, हा नको. तो प्राणी कशानं मरतोय, हे आधी विचारायचं. मग ते कारण दूर करायला कोण झटतंय, ते शोधायचं. विषामुळे मरत असेल, तर प्रयोगशाळा आणि कायद्याचं काम. विजेच्या तारांमुळे मरत असेल, तर तारांवर पक्ष्यांना दिसतील अशी चिन्हं लावणारी माणसं. मेंढ्या मारल्या म्हणून हिमबिबट्याचा जीव घेतला जात असेल, तर मेंढपाळाशी बोलणारी माणसं. हिमबिबट्यासाठी काम करणाऱ्या काही संस्था मेंढपाळांच्या जनावरांना लसी टोचतात, जनावरांच्या विम्याची व्यवस्था लावतात. रोगानं मरणारी जनावरं वाचली, की बिबट्यानं नेलेल्या एखाद्या मेंढीचा राग निवळतो. अशा संस्थेच्या अहवालात बिबट्या क्वचितच दिसतो, मेंढ्याच जास्त. मला असा अहवाल वाचला की विश्वास वाटतो.

(दृश्य: समुद्रातून सरळ वर आलेला काळा सुळका. लाटा.)

ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावर काडीसारखा दिसणारा मोठा काळा कीटक होता, हाताच्या पंजाएवढा. १९१८ मध्ये एक जहाज तिथं खडकावर चढलं, त्यातून उंदीर बेटावर उतरले आणि काही वर्षांत कीटक नाहीसा झाला. तो संपला असंच सगळे धरून चालले होते. २००१ मध्ये शेजारच्या बॉल्स पिरॅमिड नावाच्या उघड्याबोडक्या सुळक्यावर, रात्रीच्या अंधारात, एका झुडपाखाली तो पुन्हा सापडला. मोजले तर २४. दोन वर्षांनी त्यातल्या दोन जोड्या खाली आणल्या. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात गेलेली मादी आजारी पडली, तेव्हा तिथल्या माणसानं तिला कॅल्शियम आणि साखरेचं मिश्रण थेंब थेंब भरवलं. ती जगली. तिच्या अंड्यांतून पुढे पिढ्यान् पिढ्या निघाल्या.

पण कीटक परत सोडायचा, तर आधी बेटावरचे उंदीर जायला हवेत. २०१९ मध्ये तिथं उंदरांसाठी विष टाकलं गेलं.

इथं जरा थांबू या. देणगी देणाऱ्याच्या मनात खरी ओढाताण होते ती इथंच. एक प्रजाती पृथ्वीवरून नाहीशी होऊ नये, ही एक तळमळ. कुठल्याही एका जिवाला वेदना होऊ नयेत, ही दुसरी. दोन्ही खऱ्या, पण दरवेळी एका दिशेनं जात नाहीत. उंदरालाही वेदना होतात. बेटावर उंदीर माणसानं आणला, तर तो काढण्याचं जड कामही माणसानंच करायला हवं, असं माझं मत आहे. ज्याला हे पटत नाही त्यानं प्रजाती वाचवणाऱ्या संस्थेला पैसे देऊन नंतर हळहळण्यापेक्षा प्राणिकल्याणाचं, म्हणजे प्राण्यांच्या वेदना कमी करण्याचं काम निवडावं. तिथंही गरज अफाट आहे. जगभरात अन्नासाठी वर्षाला ८० अब्जांहून अधिक जमिनीवरचे प्राणी मारले जातात, त्यात बहुतेक कोंबड्या. त्यांच्या पिंजऱ्यांविषयी काम करणाऱ्यांच्या वाट्याला देणगी फार थोडी येते.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. अजगराच्या विळख्यात कुत्र्याचं पिल्लू. दृश्य लगेच धूसर होतं.)

हे दृश्य आम्ही दाखवणार नाही. असे 'सुटकेचे' अनेक व्हिडिओ मुद्दाम घडवलेले असतात, पिल्लाला आणि अजगराला समोरासमोर आणून. पाहताना स्वतःला विचारा: पिल्लू संकटात सापडायच्या आधीच कॅमेरा तिथं कसा होता? एकाच चॅनेलवर तोच प्रसंग वेगवेगळ्या पिल्लांसोबत का? जागा कुठली, डॉक्टर कोण, पुढे पिल्लाचं काय झालं, यातलं काहीच नाही आणि खाली पैशांसाठी एखाद्याचं वैयक्तिक खातं. रागानं टिप्पणी करू नका, पुढेही पाठवू नका, त्यानं तो व्हिडिओ आणखी पसरतो. तक्रार नोंदवा आणि पुढे चला.

वाघाचं पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढू देणारी जागाही अभयारण्य म्हणवून घेते. फोटोसाठी सतत नवी पिल्लं लागतात, म्हणजे प्रजनन चालू ठेवावं लागतं, आणि मोठे झालेले वाघ कुठं जातात हे कुणी सांगत नाही. खऱ्या निवाऱ्यात आलेल्या प्राण्यांची पैदास करत नाहीत, त्यांना विकत नाहीत, पाहुण्यांच्या हातात देत नाहीत.

चांगलं बचाव केंद्र ओळखायची माझी आवडती खूण साधी आहे. जमिनीवर फुदकणारं पाखराचं पिल्लू दिसलं म्हणून फोन केला, तर ते आधी विचारतात: अंगावर पिसं आलीत का? जखम आहे का? आई-बाप आसपास आहेत का? धडधाकट पिल्लू असेल, तर म्हणतात, उचलू नका, मांजर लांब ठेवा. प्राणी आपल्याकडे न आणण्याचा सल्ला जे देतात, त्यांच्याकडे आलेला प्राणी खरंच गरजेपोटी आलेला असतो.

आता पैशांचं. 'आमचा शंभर टक्के पैसा प्राण्यांसाठी' हे वाक्य ऐकून भुलू नका. हिशेब कोण ठेवतं? पिंजरे धुणाऱ्याला रेबीजची लस कोण देतं? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांना जोखणाऱ्या तीन संघटनांनी एकत्र पत्र काढून देणगीदारांना हेच सांगितलं, की केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था पारखू नका. लेखापरीक्षण झालेला हिशेब मात्र बघायचाच. तो मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर तिथं पैसे देऊ नका.

संस्थेला थोडक्यात पत्र लिहा. गेल्या वर्षी काय जमलं नाही? सोडलेले प्राणी पुढे जगले का, ते कसं कळतं? तिथल्या गावकऱ्यांचं तुमच्याविषयी काय म्हणणं आहे? गुळगुळीत छापील उत्तर आलं तर थोडं थांबा. कामावरच्या माणसाचं, अडचणी सांगणारं उत्तर आलं तर द्या.

(दृश्य: न्यूझीलंडचं रान. पाठीला छोटा ट्रान्समीटर बांधलेला हिरवा काकापो.)

आणि जमलं तर दरमहा द्या, थोडं द्या, अमुकच कामाला वापरा अशी अट न घालता. काकापो हा न उडणारा पोपट १९९५ मध्ये फक्त ५१ उरला होता, आता दोनशेच्या वर आहे. हा पक्षी दरवर्षी अंडी घालत नाही. रिमू नावाच्या झाडाला भरपूर फळं धरतील त्याच वर्षी घालतो, म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदा. मधल्या वर्षांत पिल्लांचे फोटो नसतात, बातमीही नसते. पण तेव्हाही ट्रान्समीटर बदलावे लागतात, पक्ष्यांची तपासणी करावी लागते, बेटांवर उंदीर पोचला नाही ना हे बघावं लागतं, आणि ते करणाऱ्यांना त्या वर्षीही पगार द्यावाच लागतो.